आधी कच्चा दाब बघ

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या हायड्रोजन इंजिनातला हीट रिलीज, म्हणजे जळताना उष्णता सुटण्याचा वेग, सिम्युलेशनशी जुळत नाही म्हणून तू आता रिॲक्शन मेकॅनिझम, म्हणजे सिम्युलेशनमधली ज्वलनाच्या रासायनिक क्रियांची यादीच, बदलायला निघाली आहेस. थांब जरा. सिलिंडरमधल्या दाबाचा कच्चा आलेख बघितलास का? मला तू पाठवलीस तीनशे सायकलींची सरासरी, तीही फिल्टर लावून. त्यात तुझं इंजिन मला दिसतच नाही.

हायड्रोजन पेटायला 0.02 मिलिज्यूल पुरतात. पेट्रोलच्या वाफेला त्याच्या साधारण दहापट लागतात. स्पार्क प्लगचं तापलेलं टोक किंवा तेलाचा एखादा थेंबही त्याला ठिणगीच्या आधीच पेटवायला पुरतो. असं तीनशेतल्या चारच सायकलींत झालं असेल, तर सरासरी ते गिळून टाकते आणि तू मेकॅनिझमला दोष देत बसतेस. शिवाय याची ज्योत भिंतीच्या फार जवळ जाऊन विझते, त्यामुळे भिंतीत जाणारी उष्णता वाढते. भिंतीतली उष्णता काढायला तू वापरतेस ते वोश्नीचं सूत्र 1967 सालचं, तेव्हाच्या नेहमीच्या इंधनांवर बसवलेलं. ते इथे कमी पडणारच. पण हेही नंतर. आधी कच्चा दाब.

मी हे किंमत मोजून शिकलो आहे. बायोडिझेलच्या मिश्रणावर काम करत होतो. डिझेलची मोजणी झाली, मग कपलिंग उघडलं, परत बसवताना एन्कोडर, म्हणजे क्रँकचा कोन मोजणारं यंत्र, जेमतेम एक अंश सरकला. मिश्रणाची कार्यक्षमता सुरेख वाढलेली दिसली आणि मी ती छापून मोकळा झालो. इंधन बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवलं असतं, म्हणजे मोटरिंग केलं असतं, तर दाबाचं शिखर टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) किंचित आधी यायला हवं होतं. माझं नंतर येत होतं. एवढी एक रेघ मी बघितली नाही. चूक कळल्यावरही दुरुस्ती छापायला दोन वर्षं लावली, त्याची बोच अजून आहे. मुलांना आठवडा-आठवडा नुसतं मोटरिंग करायला लावतो म्हणून लोक मला हटवादी म्हणतात. म्हणू देत. त्यांच्यातल्या कुणालाही तसं दुरुस्तीपत्र लिहावं लागलेलं नाही.

बॅटरीमुळे हे क्षेत्र संपेल का, असंही विचारलंस. जहाजं मेथॅनॉल आणि अमोनियाकडे बघताहेत, आणि अमोनियाची ज्योत सेकंदाला सात सेंटिमीटरच्या आसपास रांगते. तुला पुरून उरेल एवढं काम पडलं आहे. या काळजीत रात्री घालवू नकोस, तुझी बुद्धी त्याहून मोलाची आहे.

उद्या इंजिन नीट तापव, इंधन तोड, मोटरिंगच्या सायकली घे. लॉग दाब विरुद्ध लॉग आकारमान काढ. कॉम्प्रेशनची रेघ वाकडी आली तर पेगिंग, म्हणजे दाबाची आधाररेषा, तपास, शिखर टीडीसीच्या पुढे गेलं तर एन्कोडर. मग पुन्हा हायड्रोजनवर चालव आणि तीनशेच्या तीनशे सायकली मला पाठव. फिल्टर न लावता. विचित्र दिसली म्हणून एकही गाळू नकोस, मला त्याच बघायच्या आहेत.