गाळलेल्या दोन पानांबद्दल

प्रिय संपादक,

तुझं पत्र रात्री वाचलं आणि बराच वेळ झोप लागली नाही. तुमच्या विद्यार्थी वृत्तपत्राचा अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी तुझी बातमी गाळायला लावली, कारणही दिलं नाही, याचा मला राग आला. पण तुमच्यातले निम्मेजण आता 'यापुढे असे विषयच नकोत' म्हणतायत, हे वाचून भीती वाटली.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात हेझलवूड ईस्ट नावाची शाळा आहे. मे १९८३ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या 'स्पेक्ट्रम' या वृत्तपत्राची प्रुफं मुख्याध्यापकांकडे गेली. एक लेख गरोदर राहिलेल्या विद्यार्थिनींबद्दल होता, दुसरा आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर काय परिणाम होतो याबद्दल. मुख्याध्यापकांनी सहा पानांतली दोन पानंच गाळली. त्या पानांवरचा बाकी मजकूरही गेला. मुलांना आधी विचारलंसुद्धा नाही.

मुलांनी शाळेवर खटला भरला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १३ जानेवारी १९८८ ला पाच विरुद्ध तीन मतांनी मुलं हरली. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघणाऱ्या वृत्तपत्रात शैक्षणिक कारणासाठी शाळेला हात घालता येतो, असं न्यायालयाने म्हटलं. याच न्यायालयाने १९६९ मध्ये युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधणाऱ्या मुलांची बाजू घेतली होती. मला १९८८ चा निकाल पटलेला नाही.

पण मुख्याध्यापकांचे आक्षेप नीट वाच. नावं बदलली तरी त्या मुली ओळखू येतील. आणि घटस्फोटाच्या लेखात एका मुलीने वडिलांबद्दल तक्रार केली आहे, वडिलांना मात्र त्यांचं म्हणणं विचारलेलं नाही. हे दोन्ही प्रश्न संपादकाला आधी पडायला हवेत. त्या मुलीचं नाव शिक्षकांनी पुढच्या प्रुफात काढून टाकलं होतं, हे मुख्याध्यापकांना ठाऊकच नव्हतं. एकदा विचारलं असतं तर कळलं असतं. जिथे एखादं वाक्य दुरुस्त करून भागलं असतं, तिथे कात्री चालली.

म्हणून प्राचार्यांकडे जा आणि एवढंच विचार, 'नेमकं कुठलं वाक्य चुकलंय?' उत्तर लेखी माग. चूक खरी असेल तर त्याच रात्री दुरुस्त कर, त्यात कमीपणा नाही. आणि चूक दाखवता येत नसेल, नुसतं 'संस्थेचं नाव खराब होईल' एवढंच म्हणणं असेल, तर तेही लेखी घे. तारखेसह सगळी प्रुफं जपून ठेव. तुमचं वृत्तपत्र अभ्यासक्रमाचा भाग आहे की विद्यार्थ्यांचं स्वतंत्र, आणि अंतिम निर्णय कुणाचा, हे नियमावलीत काय लिहिलंय ते तोंडी न ऐकता स्वतः वाच.

विद्यार्थी असताना माझीही एक बातमी अशीच थांबवली होती. त्यानंतर वर्षभर मला कुणी अडवलं नाही, कारण अडवावं असं मी काही लिहिलंच नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. एका पानावर वर 'परीक्षा शुल्क : कुठे जातं?' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली आहे. खालचं अख्खं पान कोरं आहे. तिथे मला कुणीही थांबवलं नव्हतं, आणि याचंच आजही वाईट वाटतं.

तुझ्या बातमीत दोन विद्यार्थ्यांची विधानं आहेत, कार्यालयाची बाजू नाही. उद्या सकाळी ती घे, बोलायला नकार दिला तर तसं छाप. मग मसुदा मला पाठव, रात्रीच वाचून ठेवतो.

तुझा,
एक जुना वार्ताहर