वयात आलेली मुलं नशेच्या नादी लागू नयेत म्हणून घरच्यांनी काय करावं?

आधी घरातलं औषधांचं कपाट उघडा. ऑपरेशननंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या, कोडीन (अफूच्या जातीचं, गुंगी आणणारं द्रव्य) असलेलं खोकल्याचं औषध: मुलांच्या हाताला हे सहज लागतं, आणि दोन-चार गोळ्या कमी झाल्या तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मोजून कुलपात ठेवा.

समोर बसवून भाषण नको. गाडीत किंवा भांडी आवरताना सहज विचारा, "कुणी आग्रह केलाच तर काय म्हणशील?" आणि मग गप्प बसून ऐका (पालकांना नेमकं हेच जमत नाही). मेंदूतला मोहाला आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून नकाराची तयारी आधीच झालेली बरी.

जुने मित्र अचानक तुटले, झोप बिघडली, पैसे गायब होऊ लागले तर मारझोड न करता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.