अर्जावर 'नाही' कोणी लिहिलं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी वीज मंडळातून निवृत्त झालो, नागपूरला नंदनवनमध्ये राहतो. सव्वादोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एजंटाकडून आम्हा नवराबायकोची आरोग्य विमा पॉलिसी घेतली. मला बीपीची गोळी चालू आहे, हे त्याला तेव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला, "काका, बीपी आजकाल सगळ्यांनाच असते. लिहिलं तर प्रीमियम वाढून जाईल." फॉर्म त्यानं आपल्याच मोबाइलवर भरला, मी फक्त ओटीपी सांगितला. यंदा धंतोलीत पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, बिल १ लाख ८४ हजार. कंपनीनं 'जुना आजार लपवला' म्हणून दावा नाकारला. जावई अमेरिकेत आहेत. ते म्हणतात, तिथे विम्याचं खातं प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, एजंटाचं लायसन्स राज्य देतं आणि तक्रारही तिथेच होते. मी कलेक्टर ऑफिसला जाऊन आलो, तर म्हणाले, हे आमच्याकडे नाही. मग आपल्या राज्यात जायचं कोणाकडे?

उत्तर : भाऊ, जावई सांगतात ते तिथलं बरोबर आहे. आपल्याकडे विमा हा राज्यघटनेच्या संघसूचीतला विषय आहे, नोंद ४७. त्यामुळे नियम केंद्राचे आणि नियामक, म्हणजे आयआरडीएआय, हैदराबादला. नागपूरकरांसाठी विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी, पुण्याला आहेत. राज्याच्या पातळीवर आपल्या हाताशी असतो तो ग्राहक आयोग. जिल्हा आयोग नागपुरातच आहे आणि राज्य आयोगाचं खंडपीठही इथे बसतं.

पण जायचं कुठे यापेक्षा हातात काय घेऊन जायचं, हे आधी बघू. तुमची खरी अडचण त्या अर्जात आहे.

मी २००२ पासून बरीच वर्षं सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये नव्या एजंटांचे वर्ग घेतले. तेव्हा परीक्षेला बसण्याआधी १०० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. पुढे ते ५० तासांवर आलं. मी फळ्यावर पहिल्याच दिवशी लिहायची : 'अर्ज ग्राहकाच्या तोंडून भरायचा, आपल्या डोक्यातून नाही.' तुमचं पत्र वाचून म्हणूनच जीव तुटला. एजंटांच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की ग्राहकाबद्दल कळलेली महत्त्वाची गोष्ट त्यानं कंपनीला कळवायची आणि चुकीची माहिती द्यायला ग्राहकाला लावायचं नाही. तुमच्या एजंटानं दोन्ही मोडलं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर एजंटाची नेमणूक कंपनीच करते आणि विमा कायद्याच्या कलम ४२ नुसार एजंटानं केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींची जबाबदारीही कंपनीवर येते. तक्रारीत हा मुद्दा सर्वांत वर घाला.

आता कडू भाग. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली एका आयुर्विम्याच्या प्रकरणात म्हटलं आहे की अर्जावर सही करणारा 'एजंटानं भरला, मला माहीत नव्हतं' एवढंच सांगून सुटू शकत नाही. कंपनी तुमच्या ओटीपीला सही म्हणेल. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीला 'माहिती लपवली' म्हणता येत नाही. पण तुमचे महिने झाले सत्तावीसच. तेव्हा नुसत्या तोंडी सांगण्यावर भिस्त ठेवू नका, 'मी सांगितलं होतं' याचा पुरावा शोधा. एजंटाला पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज बघा. गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला होता का, आठवा. पॉलिसीसोबत आलेल्या कागदांत अर्जाची प्रत असायला हवी, नसेल तर लेखी मागा. अर्ज इंग्रजीत असेल तर 'ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितलं' या घोषणेखाली कोणाचं नाव आहे, तेही पाहा.

आणखी एक कागद, जो बहुतेक लोक विसरतात : डिस्चार्ज कार्ड. दवाखान्यात भरती करताना ज्युनिअर डॉक्टर घाईत 'बीपी, दहा वर्षांपासून' असं लिहून जातात आणि कंपनी नेमकं तेच उचलते. ते चुकीचं असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून गोळी खरोखर केव्हा सुरू झाली, याचं पत्र घ्या. खड्यांच्या ऑपरेशनला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं, ती तुमची झाली आहेत. बीपीचा खड्यांशी संबंध नाही, हेही डॉक्टरांना त्याच पत्रात लिहायला सांगा. एवढ्यानं दावा मंजूर होईलच असं नाही, पण बाजू भक्कम होते.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. दावा नाकारायला कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीची मंजुरी लागते. ती होती का आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला, हे विचारा. हीच तक्रार आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोनवर नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या लोकपालांकडे जा. एक वर्षाची मुदत असते. फी नाही, वकील नाही, सुनावणी व्हिडिओवरही होते, ५० लाखांपर्यंत भरपाईचा आदेश देता येतो. तो आदेश कंपनीला बंधनकारक असतो, तुम्हाला नाही. न पटल्यास ग्राहक आयोग आहेच. तिथे मुदत दोन वर्षांची, आणि प्रीमियम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. मात्र एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही.

आणि भाऊ, रागाच्या भरात पॉलिसीचं नूतनीकरण चुकवू नका. बीपीचं आताच लेखी कळवून टाका, वहिनींना शुगर असेल तर तीही.

प्रश्न : ताई, मी मनीषनगरला राहते, बीकॉम झाले आहे. एजंट व्हायचं आहे. मामा म्हणतात, परीक्षा नावापुरती असते आणि पहिल्या वर्षीचं कमिशन ग्राहकाला परत दिल्याशिवाय धंदा होत नाही. खरं का?

उत्तर : बेटा, दहावी पास आणि १८ वर्षं पूर्ण एवढीच अट आहे. आयसी-३८ ही एजंटांची परीक्षा मराठीतही देता येते : ५० प्रश्न, एक तास, ३५ टक्क्यांना पास. माझ्या मते हे फार कमी आहे. तू पुस्तक पूर्ण वाच, विशेषतः दाव्यांचं प्रकरण. कमिशन परत देणं विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार गुन्हा आहे, १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मामांना हे नीट सांग. ग्राहकाला द्यायचंच असेल तर वेळ दे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्या ३० दिवसांत एकदा त्याच्या घरी जाऊन अर्जाची प्रत त्याच्यासमोर मोठ्यानं वाच. 'नाही' लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर थांब आणि पुन्हा विचार.