माप उभं राहूनच घे

प्रिय पोरी,

पायाचं माप गिऱ्हाइकाला उभं करून घ्यायचं असतं. बसलेल्या माणसाच्या पायावर भार नसतो. तो उभा राहिला की पाऊल पसरतं, लांबीही वाढते आणि रुंदीही. आणि माप दोन्ही पायांचं घ्यायचं, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. बुटांचा जोड निवडायचा तो मोठ्या पायाच्या मापाने.

तू विचारलंस ते निराळंच होतं. तुझा सहकारी गोड बोलून तुझ्या दुप्पट माल काढतो, तुला खोटं बोलवत नाही, मग या धंद्यात तुझा निभाव कसा लागायचा? मला याचं उत्तर मापाच्या पट्टीजवळच सापडलं होतं, तेही फार उशिरा आणि दुसऱ्या कुणाला त्रास झाल्यावर. म्हणून तिथूनच सुरुवात केली.

मला नोकरीला लागून दुसरं वर्ष चालू होतं. महिनाअखेर होती आणि टार्गेट थोडक्यात अडलं होतं. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. त्यांना काळा, निमुळत्या चवड्याचा जोड आवडला. मी माप घेतलंच नाही. जुन्या बुटाचा नंबर विचारला आणि तोच नंबर गोदामातून काढून आणला. पाय आत सरकवताना शूहॉर्न, म्हणजे टाच बुटात सरकवायची वाकडी पट्टी, मध्येच अडखळला. ते त्यांना जाणवलं नाही, माझ्या हाताला जाणवलं. मी विचारलं, ‘‘लागतंय का कुठे?’’ ते म्हणाले, ‘‘छे, उलट छान घट्ट बसलाय.’’ मी म्हटलं, ‘‘चामडं आहे, दोन दिवसांत अंगासरशी होईल.’’ बिल झालं. माझं टार्गेटही झालं.

तीन आठवड्यांनी त्यांची मुलगी एकटीच आली आणि खोका माझ्यापुढे ठेवला. वडिलांना मधुमेह होता. करंगळीच्या बाजूला बूट घासून जखम झाली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मोज्यावर डाग दिसला तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. ती भांडली नाही, पैसेही मागितले नाहीत. तिने एवढंच विचारलं, ‘‘तुम्हाला कळत होतं ना?’’

हो, मला कळत होतं.

मधुमेह जुना झाला की पायातल्या नसांची संवेदना कमी होऊ शकते. अशा माणसाला योग्य मापाचा बूट सैल वाटतो आणि घट्ट बूट ‘छान बसलाय’ असं वाटतं, कारण घट्ट असेल तेव्हाच त्याला काहीतरी जाणवतं. म्हणजे ‘लागतंय का?’ हा प्रश्न त्याच्या बाबतीत निरुपयोगी. तिथे आपले डोळे आणि हात हवेत. बूट घालायच्या आधी आत हात फिरवून टोचणारी शिवण आहे का ते बघावं, चवड्याच्या दोन्ही बाजूंना दाबून बघावं. आजाराची चौकशी मोठ्याने करू नये. खाली वाकून मोजा नीट करता करता हळूच विचारावं, ‘‘पायाला मुंग्या येतात का हो? बधिर वाटतं कधी?’’ माणसं खरं सांगतात. कुणीतरी विचारलं याचं त्यांना बरं वाटतं.

मी दया म्हणतो ती ही. हसून स्वागत करणं, खुर्ची सरकवणं, पाणी विचारणं हे सगळं हवंच, पण तो झाला शिष्टाचार. आपल्याला जे कळतं आणि समोरच्याला कळत नाही, ते त्याच्या उपयोगी पाडायचं, ही विक्रेत्याची दया. त्यासाठी आधी कळावं लागतं, पोरी. आपला माल माहीत नसलेला विक्रेता मनाने कितीही चांगला असला तरी गिऱ्हाइकाचं भलं करू शकत नाही. चामडं रुंदीत थोडं सैल होतं, लांबीत होत नाही, हे माहीत असेल तरच ‘वापरून सैल होईल’ हे वाक्य कुठे खरं आणि कुठे खोटं ते समजतं. दिवसभरात पाय सुजतात, म्हणून सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. इंग्लिश मापात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. एवढ्याशा फरकावर एखाद्याचा अख्खा दिवस सुखाचा किंवा दुःखाचा जातो. तुमच्या दुकानातली धातूची पट्टी बघ. चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात ती तयार केली. त्याच्या वडिलांचं बुटांचंच दुकान होतं. ती नुसती टाच ते बोट एवढंच अंतर मोजत नाही, रुंदीही मोजते आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतरही मोजते, कारण बूट वाकतो तो तिथे. तो तिसरा आकडा बघायचा कंटाळा बहुतेक जण करतात. तू करू नकोस.

आता त्या सहकाऱ्याबद्दल. त्याचा आकडा आज मोठा आहे, हे खरंच आहे. ते नाकारून मी तुला खोटा धीर देणार नाही. पण दुकान ही मुळात असमान जागा आहे. विकणाऱ्याला मालाबद्दल जास्त माहीत असतं, घेणाऱ्याला कमी. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की खरेदीदाराला चांगलं-वाईट ओळखता येईना की तो चांगल्या मालालाही चांगली किंमत द्यायला धजत नाही. मग चांगला मालच बाजारातून मागे सरतो. पुढे त्याला नोबेल मिळालं. मी हे वाचलं तेव्हा मला आमचा फ्लोअरच दिसला. एकदा फसलेलं गिऱ्हाईक पुढच्या दहा विक्रेत्यांच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाही. तुझ्याशी रुक्षपणे वागणारा माणूस बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाचा तरी हिशेब तुझ्याशी चुकता करत असतो. त्याचा राग धरू नकोस.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दुकानदारांनी घासाघीस सोडून दिली. आधी जास्त किंमत सांगायची आणि मग कमी घ्यायची, म्हणजे आपलं पहिलं बोलणं खोटं ठरलं, असं त्यांचं म्हणणं. ती माणसं सगळ्याच बाबतीत वेगळं वागायची, म्हणून सुरुवातीला गिऱ्हाइकं त्यांच्यापासून दूर राहिली. मग लोकांच्या ध्यानात आलं की या दुकानात लहान पोराला एकटं धाडलं तरी त्याला मोठ्या माणसासारखाच भाव मिळतो, आणि गर्दी तिकडे वळली. पुढे पॅरिसमध्ये आरिस्तिद बुसिको १८५२ साली ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला. त्याने ठरलेल्या किमती लावल्या, काही न घेता नुसतं फिरून बघायची मोकळीक दिली, न पटलेला माल परत घ्यायला सुरुवात केली. ते छोटं दुकान वाढत वाढत जगातल्या पहिल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सपैकी एक झालं. आणि तिथल्या विक्रेत्यांना विक्रीवर कमिशनही होतं, हे विसरू नकोस. कमिशन आणि सचोटी यांचं मुळातच वाकडं असतं असं नाही.

तुला सगळ्यात कठीण जाणारं वाक्य आहे, ‘हा घेऊ नका’. ते म्हणायचीही एक रीत आहे. नुसतं ‘हा तुम्हाला नाही शोभत’ म्हटलं तर माणूस दुखावतो. कारण सांगायचं आणि ते कारण वस्तूत शोधायचं, माणसात नाही. ‘‘तुमचा पाय रुंद आहे’’ यापेक्षा ‘‘या बुटाचा साचा अरुंद आहे, तासाभराने इथे दाबेल’’ हे बरं. आणि ‘इथे’ म्हणताना बोट ठेवून दाखवायचं. दुसरा जोड असेल तर आणायचा. नसेल तर ‘आमच्याकडे नाही’ असं सरळ सांगायचं, आणि कुठे मिळेल ते माहीत असेल तर तेही. मॅनेजर विचारेल, गिऱ्हाईक बाहेर का घालवलंस? त्याला सांग, परत येईल. सगळेच येतात असं नाही, पण जे येतात ते थेट तुझं नाव घेत येतात आणि येताना आणखी कुणाला तरी घेऊन येतात. मला हा अनुभव यायला दीड-दोन वर्षं लागली. तेवढा काळ तुला कमी आकड्यावर काढावा लागेल, आणि तो काळ जड जातो.

टार्गेटचं म्हणशील तर ते खऱ्या गरजेतूनही भरतं. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माणसाला जाड मोजे दाखवणं म्हणजे माल माथी मारणं नव्हे. तो काय काम करतो हे आधी विचारलं असेल तर ती सेवाच. न विचारता बिलाच्या वेळी पॉलिशची डबी पुढे सरकवणं वेगळं. फरक तुला आतून कळेल, शूहॉर्न अडखळलेला कळतो तसाच.

किमतीची चिठ्ठी उलटून बघून जोड हळूच जागेवर ठेवणारी माणसं असतात. त्यांच्या मागे ‘स्वस्तातलेही आहेत’ असं ओरडत जाऊ नकोस. चारचौघांत माणसाची पत काढली जाते त्याने. त्याच्यापुढे दोन-तीन जोड मांड, त्यात कमी किमतीचा असू दे, आणि त्याचं खरं गुणवर्णन कर. निवड त्याला करू दे. फाटके कपडे, मळके पाय, आधीच्या बुटाचा उडालेला सोल यावरून कुणाची ऐपत ठरवू नकोस. आणि ऐपत नसली तरी माप तितकंच नीट घे.

माल परत घेऊन येणाऱ्याशी कसं वागावं, हे मी त्या मुलीकडून शिकलो. माणूस खोका घेऊन येतो तेव्हा वाटेत भांडणाची तयारी करून आलेला असतो. आधी त्याचं पूर्ण ऐकून घे. नियमात बसत असेल तर लगेच परत घे, तोंड वाकडं न करता. बसत नसेल तर नियम सांग, पण त्याआधी ‘‘तुम्हाला त्रास झाला’’ हे म्हण, आणि मनापासून म्हण. चूक आपली असेल तर ‘माझी चूक’ म्हण, ‘आमच्याकडून झालं असेल’ नको. मी त्या दिवशी पैसे परत केले, त्यांना रुंद साच्याचा मऊ जोड बदलून दिला आणि त्यांच्या मुलीला म्हणालो की हो, मला कळत होतं. ती काही बोलली नाही. मलाही त्यापुढे काही बोलता आलं नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. अपमान गिळणं म्हणजे दया नाही. कुणी अर्वाच्य बोललं, अंगावर आलं, तर मॅनेजरला बोलाव आणि बाजूला हो. थकलेल्या, दुखावलेल्या माणसाला दुसऱ्याचा पाय हळुवार धरता येत नाही. दुपारी जेवणाची सुट्टी बुडवू नकोस, पाठ टेक, तुझे स्वतःचे बूट आधी नीट मापाचे घे.

एक छोटी वही ठेव. कुणाचा कुठला पाय मोठा, कुणाला कुठे दुखतं, कुठल्या कंपनीचा साचा अरुंद निघतो, हे रोज रात्री दोन ओळींत लिही. माणसांबद्दल लिहिशील ते त्यांना विचारून, आणि वही कुणाच्या हाती पडू देऊ नकोस. सहा महिन्यांनी ती मला दाखव. तुझा आकडा विचारणार नाही, वही मात्र बघेन.

आणि ती मापाची पट्टी. तिच्या सरकत्या भागात धूळ बसते, रोज सकाळी पुसून घे. धातूची असते, अनवाणी पायाला गार लागते. म्हातारं माणूस समोर असलं की पट्टी जमिनीवर ठेवण्याआधी थोडा वेळ दोन्ही तळहातांत धरून ठेव.

तुझा,
जुना सहकारी