रात्री उठून पडणाऱ्या आजोबांना पलंगाला बांधायला मुलाने लेखी संमती दिली आहे. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाने बांधावं का?

नाही. मुलाची सही म्हणजे आजोबांची संमती नव्हे, आणि त्या कागदाने व्यवस्थापकाची जबाबदारीही संपत नाही. शिवाय बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, पट्ट्यात अडकतो, कधी मान आवळते. बांधण्याऐवजी पलंगाला उंच कठडे लावले, तरी त्यावरून चढून पडलं तर मार जास्तच लागतो.

आधी ते का उठतात ते बघा. बहुतेकदा लघवीसाठी. आठवडाभर उठण्याच्या वेळा लिहा आणि त्याच्या अर्धा तास आधी मदतनिसाने स्वतःहून संडासला न्यावं. पलंग खाली घ्या, बाजूला जमिनीवर पातळ गादी टाका, संडासापर्यंत मंद दिवा ठेवा, सैल चपला काढून टाका. झोपेच्या, रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून तपासून घ्या. पण ‘शांत राहावेत’ म्हणून झोपेची गोळी वाढवून मागणं म्हणजे औषधाने बांधणंच.

तरीही पडले तर लगेच ओढून उठवू नका. शुद्ध, डोकं, मान, खुबा बघा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर बरे दिसले तरी रुग्णालयात न्या, कारण मेंदूतला रक्तस्राव काही तासांनीही जाणवू शकतो. नोंदवहीत वेळ, जागा, कोण हजर होतं ते त्याच पाळीत लिहा. सकाळी आठवून लिहिलेली नोंद फारशी कामाची नसते.

मुलालाही त्याच दिवशी कळवा. आजोबांना तक्रार करायची असेल तर ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक १४५६७ भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा, ऑफिसच्या आत नव्हे.