सुरुवातीला एवढंच बघ

अगं, दिवस राहावेत म्हणून प्रयत्न सुरू करताय ना, घाबरू नकोस. आधी कॅलेंडरवर खूण कर: नीट रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस, नुसता डाग धरायचा नाही.

बहुतेकींची चूक एकच, चौदावा दिवसच गर्भ राहण्याचा धरून बसणं. स्त्रीबीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं. तुझं चक्र ३२ दिवसांचं असेल तर अठराव्याच्या आसपास. अंगावरचं पांढरं कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं पारदर्शक, बोटांत ताणलं जाणारं झालं, की तेच दिवस. तेव्हा एक दिवसाआड संबंध ठेवा. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम एक दिवस.

- फॉलिक ॲसिड (एक जीवनसत्त्व) डॉक्टरांना विचारून आत्ताच सुरू कर.
- गरज पडली तर तपासणी दोघांचीही होते, हे नवऱ्याशी आधीच बोलून ठेव.

अंगाचं तापमान मोजणं, बीज सुटण्याचा दिवस ओळखायचं किट वगैरे नंतर बघू. वर्षभरात, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जा. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नकोस.