माजघरातले सात रांजण

प्रश्न : ताई, सिन्नर तालुक्यात आमचा जुना वाडा आहे. माजघराखाली मोहरांचे सात रांजण पुरलेत, असं पणजोबांच्या वेळेपासून घरात बोललं जातं. यंदा थोरल्या चुलत्यांनी एक मांत्रिक आणला. तो म्हणतो, धनावर नागाचा पहारा आहे, दोन लाखांची पूजा घालावी लागेल आणि अमावस्येच्या रात्री पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली, मुलगी समोर बसवावी लागेल. माझी नऊ वर्षांची पुतणी पायाळू आहे. घरातले निम्मे लोक म्हणतात, बघायला काय हरकत आहे? अशा गोष्टींत काही तथ्य असतं का?
— एक वाचक

उत्तर : आधी मुलीचं बोलू. हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत अमावस्या उलटून गेली असती, म्हणून संपादकांकडून पत्ता घेऊन हे उत्तर तुम्हाला आधीच पाठवलं आहे. पुतणीला तिच्या आईबरोबर आजच आजोळी पाठवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला 1972 पासून एकामागून एक मुली आणि बाया मारल्या गेल्या, त्यामागे गुप्तधनाचाच लोभ होता. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार स्पष्ट लिहिलेले आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि गुन्हा अजामीनपात्र. चुलत्यांना हे वाचून दाखवा.

आता तुमचा प्रश्न. पुरलेलं धन असतं. माझी सारी नोकरी संग्रहालयात नाण्यांच्या नोंदी करण्यात गेली, त्यामुळे ते खोटं कसं म्हणू? तुमच्याच तालुक्यातल्या जोगलटेंभीला 1906 साली नहपान या शक क्षत्रप राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. कोणी कोणाला हरवलं, याची साक्ष त्या नाण्यांनी दिली. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझचा गेंडा, हत्ती, रेडा आणि रथ सापडला. साठ किलोंहून जास्त वजन! पण कोणी मुहूर्त काढला नव्हता, धन दिसावं म्हणून डोळ्यांत अंजन घातलं नव्हतं.

खणून काढायला निघालेल्यांचं काय होतं, तेही पाहा. उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेड्याला एका साधूला हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं आणि 2013 च्या ऑक्टोबरात पुरातत्त्व खात्याने खरोखर तिथल्या किल्ल्यात खड्डे घेतले. हाती खापरं, बांगड्यांचे तुकडे, चुली असं आलं. सोन्याचा कणही नाही.

रांजणांचा हिशोब करू. वीस लिटरचा अगदी लहान रांजण मोहरांनी भरला तरी वजन दोनशे किलोंच्या आसपास भरतं. असे सात म्हणजे दीड टनाजवळ. तुमच्या पणजोबांच्या वेळी गावातल्या सगळ्या घरांचं सोनं एकत्र केलं असतं, तरी एवढं झालं असतं का? बँका नव्हत्या, दरोड्यांची भीती होती, म्हणून लोक चुलीमागे लोट्यात रुपये पुरत, हे खरं. पण पुरणारा निकड आली की स्वतःच उकरून काढे. पोरीचं लग्न निघालं, दुष्काळ पडला की लोटा बाहेर. मागे राही ती गोष्ट, आणि पिढीगणिक लोट्याचा रांजण होई.

माझ्या मामांनी अशाच गोष्टीपायी माजघर खणलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आधी बैलजोडी गेली, मग मामींच्या पाटल्या. कंबरभर खड्डा झाल्यावर पावसात मधली भिंत बसली. मांत्रिक म्हणाला, धन सरकलं, आणखी पूजा लागेल. मामी पुढे आयुष्यभर काचेच्या बांगड्यांवर राहिल्या. हे धन सरकणं मी त्यानंतर किती घरांत ऐकलं! तुमच्या चुलत्यांनाही ते ऐकवलं जाईल. गावोगावच्या वीरगळी, म्हणजे वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, आणि पडक्या देवळांतले नंदी याच लोभाने उखडलेले पाहिले की मला रडू येतं. त्या दगडाखाली काही नसतं, तो दगडच आपला ठेवा असतो.

वाडा कधी पाडलात आणि पाया खणताना खरंच काही लागलं, तर काम थांबवा. 1878 च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवणं गुन्हा आहे. चौकशीत कोणी मालक ठरला नाही, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारने ठेवून घेतलं तर मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. भांडं आहे तसं राहू द्या, सोनाराकडे नेऊ नका आणि नाणी चिंचेने घासू नका. त्यावरची अक्षरं जातात.